डेल्टामध्ये उरलेला एक्स

२०१८ च्या जुलैत मी गणिताच्या एम.एस्सी.साठी दूरशिक्षणाचा फॉर्म भरला, तेव्हा मला एकेचाळीस वर्षं पूर्ण झाली होती आणि बी.एस्सी. होऊन एकोणीस. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी हिशेब लिहिते. शेठनी विचारलं, "पगार वाढंल म्हणून करताय काय?" सासूबाईंनी विचारलं, "मास्तरीण व्हायचंय व्हय गं?" दोघांनाही मी नाही म्हटलं. खरं कारण मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं सांगते.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी गट सिद्धांतात लाग्रांजचं प्रमेय होतं. गणितातला गट म्हणजे काही ठरावीक नियम पाळून आपसांत गुणता येणाऱ्या घटकांचा संच, आणि सांत म्हणजे ज्याचे घटक मोजून संपतात असा. अशा सांत गटाच्या पोटात लहान गट असेल, तर लहान गटातल्या घटकांची संख्या मोठ्या गटाच्या संख्येला निःशेष भागते. सरांनी फळ्यावर सिद्धता लिहिली, मी उतरवून घेतली, पाठ केली, परीक्षेत लिहिली, पैकीच्या पैकी गुण मिळाले. ते खरं का आहे हे मला कळलं नव्हतं. आणि कळलेलं नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्या पूर्ण गुणांची टोचणी माझ्या मनात एकोणीस वर्षं राहिली. लग्न, मुलगी, सासऱ्यांचं आजारपण, दुकानाची नोकरी, सगळं होत गेलं, पण बेरजेत राहिलेल्या हातच्यासारखी ती बाजूला लिहिलेलीच होती.

नोकरी करणाऱ्याला घरी राहून शिकायची सोय आपल्याकडे बऱ्यापैकी जुनी आहे. इग्नू १९८५ चं, नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ चं, आणि १९६२ पासून सांगली, सातारा, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांचं विद्यापीठ कोल्हापुरात आहेच. पुस्तिका मिळतात, सुट्टीच्या दिवशी काही संपर्क तासिका होतात, स्वाध्याय लिहून द्यायचे आणि परीक्षेला बसायचं. बाकी सगळं आपलं आपण. रोज कुणी शिकवायला नाही, बाकावर शेजारी कुणी नाही. मी पहाटे साडेचारला उठून स्वयंपाकाचा ओटा पुसून घ्यायचे आणि तिथंच उभ्यानं लिहायचे, कारण बसलं की झोप यायची. सहाला दूधवाला आला की वही मिटायची.

दुकानात फेब्रुवारी ते मे सौद्यांची गर्दी असते. राजापुरी हळदीचे ढीग लागतात, लिलाव होतो, तोलाई होते, आणि हमाली, तोलाई, घेतलेली उचल वजा करून शेतकऱ्याची पट्टी मी करते. त्यातच ३१ मार्च येतो. आता सगळं संगणकावर असलं, तरी आमचे जुने दिवाणजी मला कीर्द, खतावणी, तेरीज हेच शब्द शिकवून निवृत्त झाले. तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाकींची गोळाबेरीज. दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत. पहिल्याच वर्षी माझी तेरीज पै न् पै जुळली आणि मी खूश होऊन त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "जुळली हे बरं झालं. आता बरोबर आहे का ते बघू." एकाच आडनावाच्या दोन शेतकऱ्यांपैकी एकाची उचल मी दुसऱ्याच्या खात्याला लावली होती. तेरजेला त्याचं काही नसतं. रक्कम नावेच्या बाजूला पडली म्हणजे झालं, कुणाच्या नावे पडली हे ती विचारत नाही.

हे मला पुढं फार उपयोगी पडायचं होतं, पण पहिल्या वर्षी ते मला आठवलंच नाही. मी जुन्या सवयीनं अभ्यास केला. सिद्धता पाठ करायच्या, मागच्या प्रश्नपत्रिका सोडवायच्या, उत्तर पुस्तिकेतल्या उत्तराशी जुळलं की पुढं जायचं. २०१९ च्या उन्हाळ्यात निकाल लागला. रिअल अॅनालिसिसमध्ये मी नापास झाले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही गणितात. दोन दिवस मी घरात कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, तू पहाटे उठत नाहीयेस." मग सांगितलं.

ज्या प्रश्नावर मी अडखळले होते तो एकसमान सांतत्याचा होता. हा विषय शिकणारे बहुतेक जण इथं एकदा तरी ठेचकाळतात, म्हणून जरा थांबते. फलन, म्हणजे एक्स दिला की उत्तर देणारा नियम, सांतत्य असलेलं आहे म्हणजे काय? उत्तरात किती फरक चालेल ते तुम्ही मला सांगा, तो एप्सिलॉन. मग एक्सच्या जवळ किती अंतरात राहिलं की फरक त्यापेक्षा कमी राहील, ते मी सांगते, तो डेल्टा. साध्या सांतत्यात प्रत्येक एक्सला वेगळा डेल्टा दिला तरी चालतो. एकसमान सांतत्यात सगळ्या एक्सना मिळून एकच डेल्टा द्यावा लागतो. दोन्ही व्याख्यांत शब्द तेच आहेत, फक्त त्यांचा क्रम बदलतो. मी दोन्ही व्याख्या पाठ केल्या होत्या आणि दोन्ही मला एकच वाटत होत्या.

हा गुंता सुटला तो मिरजेहून कोल्हापूरला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये. संपर्क तासिकांना जाताना आम्ही चार-पाच जण एका डब्यात भेटायचो. जतकडून पहाटेची एसटी धरून येणारे एक शिक्षक होते, बँकेतली एक मुलगी होती, शेती बघून शिकणारा एक तरुण होता. कॉलेजातल्या मैत्रीसारखी ही मैत्री नव्हती. महिन्यातून एखाद्या रविवारी भेट, एकमेकांच्या घरचं फारसं काही ठाऊक नाही, पण कुणाला कुठल्या प्रमेयात अडलंय ते पक्कं ठाऊक. मी जतच्या सरांना माझी अडचण सांगितली. त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या यार्डात प्रत्येक शेतकऱ्याला एक अडत्या असतो का?" मी म्हटलं, असतो. "आणि असा एक अडत्या आहे का, की जो प्रत्येक शेतकऱ्याचा अडत्या आहे?" मी म्हटलं, कसं शक्य आहे? सरांनी खिडकीबाहेर बघितलं आणि पुढं काही बोललेच नाहीत. जयसिंगपूर यायच्या आत मला कळलं होतं. प्रत्येकाला कुणीतरी असणं आणि प्रत्येकाला तोच असणं, एवढाच फरक. पूर्ण संख्यारेषेवर एक्सचा वर्ग घ्या. एक्स जितका मोठा, तितका डेल्टा लहान घ्यावा लागतो, आणि सगळ्यांना पुरेल असा एक डेल्टा सापडत नाही. मी परीक्षेत तो सापडला असं लिहून आले होते, आणि माझ्या डेल्टाच्या सूत्रात एक्स होता. म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याला नवा अडत्या देऊन मी म्हणत होते की सगळ्यांचा अडत्या एकच आहे. तेरीज जुळली होती आणि खातं चुकलं होतं.

एकटीनं शिकताना मला कापरेकरांचा फार आधार वाटायचा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, १९०५ ते १९८६, देवळालीला शाळेत शिकवायचे. पदव्युत्तर शिक्षण नव्हतं. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ सापडला. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, चढत्या क्रमानं लिहा, वजाबाकी करा, आणि आलेल्या उत्तरावर परत तेच. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. त्यापुढं ६१७४ च येत राहतो. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. मी हे आमच्या हमालमामांना दाखवलं, तर त्यांनी पोत्यांवरचे नंबर घेऊन दुपारभर कॅल्क्युलेटर बडवला आणि संध्याकाळी येऊन गंभीरपणे म्हणाले, "ताई, सगळी एकाच गावाला जात्यात."

पण सगळ्या म्हणजे किती तपासायच्या? चार अंकी संख्या हजारोंनी आहेत. मग एका दुपारी डबा खाताना मी अंकांना उतरत्या क्रमानं ए, बी, सी, डी म्हटलं आणि वजाबाकी अक्षरांत केली. येतं काय, तर ए आणि डीमधल्या फरकाची ९९९ पट, अधिक बी आणि सीमधल्या फरकाची ९० पट. म्हणजे संख्या कुठलीही असो, उत्तर या दोन फरकांवरच ठरतं. पहिला फरक १ ते ९ पैकी काहीतरी, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. मोजले तर सगळे मिळून ५४ प्रकार. ते ५४ मी चार दिवसांच्या जेवणाच्या सुट्टीत बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तपासले. ज्या क्षणी चोपन्नावा प्रकार ६१७४ ला पोचला, तेव्हा मी जे सांगत होते ते "आजवर तरी असंच आलंय" असं राहिलं नाही. दुसरं काही येऊच शकत नाही, असं मी म्हणू शकत होते. हा आनंद मला आजवर दुसऱ्या कशानं दिलेला नाही, आणि हे मी पूर्ण विचार करून लिहितेय.

मग ऑगस्ट आला.

सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना भेटले की आधी "आयर्विनला किती?" विचारतात. १९२९ साली झालेला आयर्विन पूल, आणि त्याच्यापाशी मोजलेली कृष्णेची पातळी. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोयनेचं सोडलेलं पाणी आणि वरचा पाऊस यांनी आकडा तासातासाला चढत होता. आमचं घर गावभागात, नदीपासून जवळ. सासूबाईंना आणि ह्यांना २००५ चा पूर तोंडपाठ होता. त्या वर्षी पाणी त्रेपन्न फुटांच्या पुढं गेलं होतं आणि आमच्या माजघराच्या भिंतीवर त्याची रेघ अजून पुसट दिसत होती. सगळ्या गल्लीनं केलं तसंच आम्हीही केलं: सामान त्या रेघेच्या वर ठेवलं. मी माझ्या सहा वह्या आणि पुस्तिका रेघेच्या हातभर वर, फळीवर नेऊन ठेवल्या आणि आम्ही विश्रामबागला नणंदेकडं गेलो.

पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढं गेलं.

त्या रेघेबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला. ती वरची मर्यादा आहे असं आम्हाला कुणी सिद्ध करून दाखवलं नव्हतं. तोवर पाहिलेल्यातलं ते सगळ्यात मोठं होतं, एवढंच. पाहिलेल्यातलं सगळ्यात मोठं आणि कधीच ओलांडलं न जाणारं, या दोन गोष्टींतला फरक तर माझ्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या प्रकरणात होता. तो मी परीक्षेत लिहिलाही होता, बरोबर. घराला मात्र लावला नव्हता.

नणंदेच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा माणसं होतो. वीज नव्हती, नळाला पाणी नव्हतं. दिवसभर सगळ्या बायका भाकरी करत होत्या, कारण आसपासच्या गावांतून जशी भाकरी येत होती, तशी आमच्या आळीतूनही शाळेत उतरलेल्या लोकांना जात होती. घर बुडालं हे कळलं होतं. वह्या बुडाल्या हे मला आपोआप कळलं होतं, त्याबद्दल बोलायची ती वेळ नव्हती. लोकांची जनावरं गेली होती. पण रात्री झोप येत नव्हती. तिसऱ्या रात्री मी भाच्याची एक पाठकोरी वही मागून घेतली आणि मेणबत्तीशी बसून आठवेल ते लिहायला लागले.

आणि मला जे दिसलं, ते मी कधी विसरणार नाही. जी प्रमेयं मी पाठ केली होती ती सगळी गेली होती. सुरुवातीचं वाक्य आठवायचं, मग मधे अंधार, मग शेवटचं "म्हणून सिद्ध झालं". एक दुवा निसटला की पुढचं काहीच हाती लागेना. पण जी थोडी मला खरोखर समजली होती ती गेलेली नव्हती. ती आठवावी लागत नव्हती, पुन्हा करता येत होती. एकसमान सांतत्य करता आलं. खरं तर पुराचं पाणीही आलं मदतीला: चाळीसवरनं सत्तावन्नवर पोचलेलं पाणी मधे कुठल्या तरी क्षणी बरोबर पन्नास फुटांवर होतंच होतं, पाणी उडी मारत नाही. आमच्या उंबऱ्याला ते बरोबर टेकलं असाही एक क्षण होता, बघायला कुणी नव्हतं तरी. हे मधल्या मूल्याचं प्रमेय, इंटरमीडिएट व्हॅल्यू थिअरम, मी त्या रात्री इतकं सरळ लिहिलं, की मलाच नवल वाटलं.

मग मी लाग्रांजला हात घातला आणि अडकले. तेच जुनं ठिकाण. सासूबाई जाग्या होत्या, दुसऱ्या दिवशीच्या भाकरी फडक्यात बांधत होत्या. पाच-पाचची चळत एकेका घराला. "काय लिहितीयास गं अंधारात?" मी म्हटलं, आई, एक जुनं राहिलंय. त्यांच्या हाताकडं बघत बसले. एक भाकरी एकाच चळतीत असते, दोन चळतींत नसते. सगळ्या चळती सारख्या उंचीच्या. बाहेर भाकरी उरली नाही, तर एकूण भाकरी म्हणजे चळतींची संख्या गुणिले उंची. लाग्रांजनं दुसरं काय केलंय? लहान गटाला मोठ्या गटातल्या एकेका घटकानं गुणलं की चळत तयार होते. कुठल्याही दोन चळती घेतल्या तर त्या एकतर एकच असतात, नाहीतर पूर्ण वेगळ्या. अर्धवट सामाईक काही नसतं. उंची सारखी राहते, कारण गुणाकार उलटा फिरवता येतो आणि दोन घटक एकात मिसळत नाहीत. आणि बाहेर कुणी राहत नाही, कारण प्रत्येक घटक स्वतःच्या चळतीत असतोच. मी एकेक वाक्य तपासत लिहिलं. वीस वर्षं टोचत राहिलेलं, आणि दीड पान पुरलं.

मी त्यांना सांगितलं, आई, बारा भाकरी असल्या तर पाच-पाचच्या चळती होत नाहीत, तसंच बाराच्या गटात पाचाचा लहान गट बसत नाही. चौथी शिकलेल्या त्या. क्षणभर थांबून म्हणाल्या, "मग सहा-सहाच्या व्हत्यात की."

हा प्रश्न मी बी.एस्सी.ला असताना कुणालाही विचारला नव्हता. मला सांगावं लागलं की नाही, भाकरीच्या होतात, पण गटात तसं होईलच असं नाही. चार वस्तूंच्या सम क्रमपरिवर्तनांचा, म्हणजे दोन-दोन वस्तूंची अदलाबदल सम वेळा करून होणाऱ्या फेरमांडण्यांचा, गट असतो, त्याला ए-फोर म्हणतात. त्यात बारा घटक आहेत, तिघांचा लहान गट आहे, चौघांचा आहे, सहांचा नाही. लाग्रांज सांगतो काय बसणार नाही. काय बसेल याची हमी देत नाही. त्या म्हणाल्या, "का नाही?" तेही त्या रात्री मला येत नव्हतं. हिवाळ्यात यायला लागलं, आणि मी त्यांना सांगितलंही, जमेल तसं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता. वह्यांचा लगदा झाला होता, फळीसकट खाली आला होता. पुढचं सगळं थोडक्यात सांगते. हिवाळ्यात रिअल अॅनालिसिसची परीक्षा परत दिली, पास झाले. पुढच्या वर्षी कोरोना, परीक्षा लांबल्या, टोपॉलॉजी मी फोनवर आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलची व्याख्यानं ऐकून केली, एकेक दोनदा-तीनदा. २०२१ मध्ये पदवी मिळाली. दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरायची, हे यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं, तेव्हा जतच्या सरांनी आम्हा सगळ्यांना फोन केले. मी अजून त्याच दुकानात आहे. पगार वाढलेला नाही.

यंदा दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. पुरानंतर जे काही धुऊन-पुसून ठेवण्याजोगं होतं ते त्यात होतं. डब्याच्या बुडाला एक पान चिकटलेलं निघालं. पहिल्या वर्षीच्या वहीचं, नापास व्हायच्या आधीचं. निळी शाई पसरलेली, कडा तपकिरी, आणि नाकाशी नेलं तर इतक्या वर्षांनीही गाळाचा वास. शून्य ते पाच या अंतरात एक्सचा वर्ग एकसमान सांतत्य असलेला आहे, हे दाखवा. खाली माझी सिद्धता, माझ्याच सुवाच्य अक्षरात. विधान खरं आहे. शेवटची ओळही बरोबर आहे. पानावर कुणाची खूण नाही, कारण ती वही माझ्याशिवाय कुणी पाहिलीच नव्हती.

मी ओट्याशी उभी राहून ओळ न् ओळ वाचली. तिसऱ्या ओळीत डेल्टा निवडलेला होता: एक, किंवा एप्सिलॉन भागिले (दोन एक्स अधिक एक), यांतला जो लहान तो. डेल्टामध्ये एक्स होता.

शून्य ते पाचमध्ये दोन संख्यांची बेरीज दहाच्या पुढं जात नाही. मुलीच्या दप्तरातली पेन्सिल घेतली, तिसरी ओळ हलक्या हातानं खोडली आणि वर लिहिलं: एप्सिलॉन भागिले दहा. कागद मऊ झालाय, जोर दिला असता तर फाटला असता. मग खालच्या चार ओळी नव्या डेल्टानं परत तपासल्या. दूधवाल्यानं हाक मारली तेव्हा शेवटच्या ओळीवर होते, त्याला म्हटलं, दोन मिनिटं थांबा.